कोणता डबा घ्यायचा आणि कोणता दुकानातच ठेवायचा? मसल आणि सप्लिमेंटचा हिशोब

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. मसल वाढवायचे आहेत, तर सप्लिमेंट कोणतं घेऊ? मी तरुण खेळाडूंच्या आहाराचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी येतो. यावेळी तो एका श्रोत्याने इतका नेमका विचारला, की मी त्याच्यावर अख्खा भागच करायचं ठरवलं.

हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. वजन 60 किलो, शाकाहारी. तो जिथे व्यायामाला जातो तिथल्या ट्रेनरने त्याला चार डबे लिहून दिलेत. वे प्रोटीन, मास गेनर, बीसीएए आणि प्री-वर्कआउट. सगळे मिळून जवळपास 9,000 रुपये. घरी अडीच एकर शेती आणि दोन म्हशी. त्याचा प्रश्न साधा आहे: "सर, हे घेतल्याशिवाय होणारच नाही का? आणि घ्यायचं तर यातलं कोणतं घेऊ?"

अशा घरात 9,000 रुपये म्हणजे काय, हे मी सांगायला नको. म्हणून आज आपण एकेक डबा उघडून बघू. आत काय असतं, ते काम करतं का, आणि तेच काम स्वस्तात होतं का.

आधी एक आकडा

मसल कशाने वाढतो? वजन उचलल्याने. स्नायूवर ताण पडतो, शरीर त्याची दुरुस्ती करतं आणि करताना तो थोडा जाड करतं. त्या दुरुस्तीसाठी माल लागतो, तो म्हणजे प्रोटीन. आणि दुरुस्तीला वेळ लागतो, ती म्हणजे झोप.

मग वरून घेतलेल्या प्रोटीनचा वाटा किती? 2018 मध्ये 49 अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 1,863 लोक होते, सगळे वजनाचा व्यायाम करणारे. नुसत्या व्यायामाने त्यांचं चरबी सोडून असलेलं वजन सरासरी 1.1 किलोच्या आसपास वाढलं. प्रोटीन वाढवल्याने त्यात आणखी भर पडली 0.3 किलोची. म्हणजे फरक पडतो, खोटं नाही. पण मोठा वाटा व्यायामाचाच आहे.

त्याच आढाव्यातून दुसरी उपयोगी गोष्ट निघाली. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीनपर्यंत फायदा दिसतो. त्याच्या पुढे जास्त ढकलून सरासरी माणसाला विशेष काही मिळत नाही. आपल्याकडे आयसीएमआरने सर्वसाधारण माणसासाठी 0.83 ग्रॅम सांगितलंय. म्हणजे 60 किलोच्या माणसाला एरवी 50 ग्रॅम पुरतात, आणि वजन उचलणाऱ्याला 96 ग्रॅमपर्यंत लागतात. हा 96 चा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

पहिला डबा: वे प्रोटीन

वे म्हणजे काय? दूध फाडून पनीर किंवा चीज करताना जे पाणी उरतं, ते. त्या पाण्यातलं प्रोटीन गाळून, सुकवून केलेली ही पावडर. काही घरांत आईवडील घाबरतात, "पोरगं स्टिरॉइड घेतंय" म्हणून. तर काकू, चांगल्या प्रतीचं वे हे स्टिरॉइड नाही, ते दुधाचंच आहे. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांना साध्या कॉन्सन्ट्रेटनेही त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी आयसोलेट बरं, कारण त्यात लॅक्टोज फारच कमी असतं.

काम करतं का? करतं. पचायला हलकं, अमिनो आम्लं चांगली, आणि पाण्यात ढवळलं की झालं. पण ते काम करतं ते प्रोटीन म्हणून. त्यात वेगळी जादू नाही. म्हणून त्याची तुलना इतर प्रोटीनशी करायची, आणि ती करायची ग्रॅममागे किती रुपये पडतात यावर. डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. भाव मी समजा म्हणून धरतोय, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

- वे, 1 किलो, 2,000 रुपये. प्रोटीन साधारण 750 ग्रॅम. ग्रॅममागे 2 रुपये 67 पैसे.
- म्हशीचं दूध, लिटरला 60 रुपये. प्रोटीन साधारण 40 ग्रॅम. ग्रॅममागे दीड रुपया.
- अंडं, 7 रुपये. प्रोटीन 6 ग्रॅम. ग्रॅममागे सव्वा रुपयाच्या आत.
- फुटाणे, किलोला 160 रुपये. प्रोटीन 200 ग्रॅम. ग्रॅममागे 80 पैसे.
- शेंगदाणे, किलोला 150 रुपये. प्रोटीन 250 ग्रॅम. ग्रॅममागे 60 पैसे.
- सोयाबीनच्या वड्या, किलोला 150 रुपये. प्रोटीन 520 ग्रॅम. ग्रॅममागे 30 पैशांच्या आत.

आता कुणी म्हणेल, शेंगदाण्याचं प्रोटीन आणि वेचं प्रोटीन सारखं नाही. बरोबर आहे. शेंगदाण्यात तेलही भरपूर, त्यामुळे सगळं प्रोटीन शेंगदाण्यातूनच घ्यायला गेलात तर पोटाचा घेर आधी वाढेल. पण सोया आणि दूध प्रतीला कमी नाहीत. आणि भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ आली की एकात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं. आपल्या ताटात ही जोडी आधीपासूनच आहे, फक्त डाळीचं प्रमाण कमी असतं. भात डोंगराएवढा आणि वरण त्याच्यावर शिंपडलेलं, असं असेल तर हिशोब जमणार नाही.

चला, 96 ग्रॅम भरून बघू. अर्धा लिटर म्हशीचं दूध, 20. सोयाच्या कोरड्या वड्या 50 ग्रॅम, 26. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, 24. डाळ आणि उसळ मिळून 60 ग्रॅम कच्च्या डाळी-कडधान्याची, 14. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे, 7. आणि 50 ग्रॅम फुटाणे, 10. झाले 101. एकही डबा न उघडता.

यात भाकरी आणि डाळ घरात होतेच. वरून आणायचं काय? दूध, सोया, शेंगदाणे, फुटाणे. मघाच्या भावाने महिन्याला 900, 225, 135 आणि 240. बेरीज 1,500 रुपये. आणि ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत त्याला आणखी एक सांगतो. घरचं दूध सगळं डेअरीला घालायचं आणि मग दुधाच्याच पाण्याची पावडर शहरातून विकत आणायची, हा व्यवहार एकदा घरच्यांबरोबर बसून तपासून बघा. रोज अर्धा लिटर मागे ठेवलं तर बुडतात 30 रुपये.

मग वे कुणी घ्यावं? जो दिवसभर बाहेर असतो, होस्टेलच्या मेसवर जेवतो, सोया खाऊन कंटाळलाय, किंवा वजन उतरवताना प्रोटीन राखायचंय, त्याने एक स्कूप घ्यावा. सोय म्हणून. व्यायामानंतर अर्ध्या तासात नाही प्यायलं तर सगळं वाया, हे मात्र डोक्यातून काढा. दिवसाची बेरीज महत्त्वाची. ती तीन-चार जेवणांत साधारण सारखी वाटली की पुरे.

दुसरा डबा: मास गेनर

याचं लेबल वाचा. 100 ग्रॅममागे प्रोटीन बऱ्याचदा 15 ते 20 ग्रॅमच असतं. बाकी काय? मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे मक्याच्या किंवा तत्सम पिठापासून केलेलं, लगेच साखरेसारखं पचणारं पीठ. वजन वाढतं, कारण कॅलरी जातात. पण त्या कॅलरी तुम्ही दूध, दोन केळी, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट एकत्र फिरवून घेतल्या, तर अर्ध्याहून कमी पैशांत काम होतं. खाऊन खाऊनही वजन वाढत नसेल, तर आधी तीन दिवस जे खाता ते वहीत लिहा. "मी खूप खातो" म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण सकाळी चहा-बिस्किटावर असतात.

हा डबा दुकानातच ठेवा.

तिसरा डबा: बीसीएए

शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी अमिनो आम्लं नऊ. बीसीएएमध्ये त्यातली तीन असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. आता घर बांधायला काढलंय आणि ट्रकभर विटा आल्या, पण वाळू नाही, सिमेंट नाही. किती बांधणार? उरलेली सहा नसतील तर या तिघांचं तसंच होतं. आणि ती सहा तुमच्या जेवणातून येत असतील, तर ही तीनही त्याच जेवणातून आलेलीच असतात. म्हणजे प्रोटीन पुरेसं खाणाऱ्याला बीसीएएची गरज नाही, आणि न खाणाऱ्याला त्याने पुरणार नाही. ग्लुटामाइनचंही मसल वाढवण्याच्या बाबतीत तेच.

हाही दुकानातच.

चौथा डबा: प्री-वर्कआउट

यात मुख्य काम करतं ते कॅफीन. व्यायामाआधी किलोमागे साधारण 3 मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तर जोर थोडा वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. 60 किलोच्या माणसाला ते 180 मिलिग्रॅम, म्हणजे दोन कप कडक कॉफी. संध्याकाळी सात वाजता घेतलंत तर रात्री झोप उडेल, आणि झोप उडाली की दुरुस्ती थांबली. ज्याला धडधडतं, ज्याचं बीपी जास्त आहे, त्याने यापासून लांबच राहावं.

हे प्यायल्यावर चेहऱ्याला, कानांना मुंग्या येतात. मुलं खूश होतात, "लागू पडलं" म्हणतात. त्या मुंग्या बीटा-अलानिनच्या आहेत. तो त्याचा परिणाम आहे, ताकद वाढल्याची खूण नव्हे. आणि लेबलवर नुसतं "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहिलंय, कशाचं किती ते नाही, असा डबा घ्यायचाच नाही. काय प्यायलो हे आपल्याला कळलं पाहिजे.

यादीत नसलेला डबा: क्रिएटिन

गंमत म्हणजे, जे सप्लिमेंट ताकद आणि मसलसाठी सगळ्यात जास्त तपासलं गेलंय, ते त्या ट्रेनरच्या यादीत नव्हतंच.

क्रिएटिन आपलं शरीर स्वतः बनवतं, दिवसाला साधारण 1 ग्रॅम. थोडं मांस-मासळीतून मिळतं. स्नायूत ते साठतं आणि जोराच्या, काही सेकंदांच्या कामात ऊर्जा पटकन भरून देतं. साठा वाढला की आठ वेळा उचलत होता तिथे नऊ-दहा वेळा उचलता येतं. महिनोन् महिने असं झालं की मसल वाढतो. शाकाहारी लोकांचा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्यांना बऱ्याचदा फरक जास्त जाणवतो.

घ्यायचं कसं? क्रिएटिन मोनोहायड्रेट, सगळ्यात साधं आणि स्वस्त. रोज 3 ते 5 ग्रॅम. वेळ कोणतीही, पाण्यातून. पहिल्या आठवड्यात रोज 20 ग्रॅम घ्यायची पद्धत आहे, पण ती सक्तीची नाही. 3 ग्रॅमनेही तीन-चार आठवड्यांत साठा भरतो. 250 ग्रॅमचा डबा त्या हिशोबाने 80 दिवसांहून जास्त पुरतो. महागडे दुसरे प्रकार मोनोहायड्रेटपेक्षा सरस असल्याचं दिसलेलं नाही.

किडनी खराब होते का? निरोगी माणसात नेहमीच्या मात्रेने तसं दिसलेलं नाही. पण एक घोळ होतो. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, आणि किडनीची तपासणी त्याच क्रिएटिनिनवरून करतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसू शकतो आणि घरात रडारड होते. रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा की मी क्रिएटिन घेतोय. आणि ज्याला किडनीचा आजार आहे किंवा डायबिटीस-बीपीमुळे शंका आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अठराच्या आतल्या मुलांनीही नाही. त्यांचं वय खाण्याचं आणि खेळण्याचं आहे.

केस गळतात का? ही भीती मुख्यतः 2009 च्या एका छोट्या अभ्यासातून आली. 20 रग्बी खेळाडू होते, त्यांच्यात डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं. केस किती गळले हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

आता भरतीवाल्यांसाठी एक खास सूचना. क्रिएटिन स्नायूत पाणी ओढतं, त्यामुळे वजन किलोभर वाढू शकतं. गोळाफेक आणि 100 मीटरला ते चालेल. पण 1600 मीटरला तो किलो तुमच्याबरोबर पळणार आहे. तुमचं धावणं कच्चं असेल तर भरती होईपर्यंत क्रिएटिन नको. मैदानाच्या आदल्या आठवड्यात तर नवीन काहीच सुरू करू नका.

जडीबुटीचे डबे

गोखरूच्या गोळ्या "टेस्टोस्टेरॉन बूस्टर" म्हणून विकतात. व्यायाम करणाऱ्या पुरुषांवर त्या तपासल्या गेल्यात, टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं नाही. अश्वगंधाचं थोडं वेगळं आहे. काही छोट्या अभ्यासांत ताकद वाढलेली दिसली, पण अभ्यास छोटे आहेत. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधा घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. झाडपाला आहे म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका.

डब्यात खरंच तेच आहे का?

समजा, सगळा विचार करून तुम्ही डबा घ्यायचा ठरवलात. आता खरी अडचण. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी तपासून निष्कर्ष छापले. जवळपास 70 टक्के पावडरींच्या लेबलवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. साधारण 14 टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, सापडलं. 8 टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश.

आकडा खोटा कसा निघतो? प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 ने गुणायचं. मग काही जण ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळतात. नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं, तुमच्या स्नायूला मात्र काही मिळत नाही. दुधात पाणी घालण्याचाच हा प्रकार, फक्त शिकलेल्या माणसाने केलेला.

म्हणून घेताना इतकं बघा.

- घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन, ग्लुटामाइन वेगळे लिहिलेत का? असतील तर सोडा.
- एफएसएसएआयचा 14 आकडी लायसन्स नंबर आहे का? त्यांच्या ॲपवर तो तपासता येतो. पण नंबर आहे म्हणजे तो डबा कुणी तपासलाय असं नाही. नंबर नसेल तर मात्र विषयच संपला.
- त्याच बॅचचा स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट कंपनी देते का? डब्यावरचा बॅच नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळवा.
- सील, तारीख आणि बिल. बिल देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, तो मित्र असला तरी. सुट्ट्या पिशवीतली पावडर तर नाहीच.

आणि कुणी स्पर्धा खेळत असेल, तर आणखी एक. डोपिंगच्या नियमात तुमच्या अंगात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही. "डब्यात होतं, मला माहीत नव्हतं" म्हटल्याने शिक्षा कमी होईल कदाचित, पण निकाल जातो. अशा खेळाडूने फक्त डोपिंगसाठी बॅचवार तपासलेलंच घ्यावं, नाहीतर घेऊच नये.

आणि सुई

हा विषय टाळून चालणार नाही. काही जिममध्ये डब्यांनंतर सुई येते. मेफेंटरमिन नावाचं इंजेक्शन आहे. ते ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायला वापरतात. ते पोरांना "स्टॅमिना"साठी विकलं जातं, आणि महाराष्ट्रात पोलिसांनी यावर कारवायाही केल्या आहेत. त्याने मसल बनत नाही. हृदय जोरात पळतं, सवय लागते, जीवही जाऊ शकतो. तुमच्या ट्रेनरने सुईचं नाव काढलं, तर त्या दिवशी घरी सांगा आणि जिम बदला. यात त्याला काय वाटेल याचा विचार करत बसू नका.

मग शेवटी काय घ्यायचं?

क्रम असा लावा. आठवड्यातून तीन-चार दिवस वजनाचा व्यायाम, आणि दर काही दिवसांनी वजन किंवा सेट थोडे वाढवणं. रात्री सात-आठ तास झोप. मग ताटात किलोमागे 1.6 ग्रॅम प्रोटीन. हे तीन महिने नेटाने झालं की मग पाकीट उघडा. ताटातून भरत नसेल तर वे. तब्येत ठीक असेल आणि खेळाला साजेसं असेल तर क्रिएटिन. जोर हवा असेल तर कॉफी. यादी इथे संपते.

दुकानदार विचारेल, "अजून काही?" नाही म्हणा.

आज सांगितलेले आकडे निरोगी, मोठ्या माणसांसाठी आहेत. आजार असेल, औषधं चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारा. पुढच्या भागात डाळ-कडधान्यावर बोलू, कारण "उसळीने गॅस होतो" हीसुद्धा मोठी तक्रार आहे, आणि त्यावर भिजवण्यापासून मोड आणण्यापर्यंत बरंच काही करता येतं. तोवर आपल्या गावचे भाव टाकून ग्रॅममागे किती पडतं ते काढा आणि मला पाठवा. कोकणातल्या मंडळींनी सुक्या बोंबलाचाही भाव टाकावा. 100 ग्रॅममागे 60 च्या आसपास प्रोटीन आहे त्यात, फक्त मीठ जरा धुऊन घ्या.

भेटू. काळजी घ्या.